गाथेआधीचं एक वाक्य

सातवाहन राजा हालाच्या गाथासप्तशतीत अगदी सुरुवातीलाच, कमळाच्या पानावर निश्चल बसलेल्या बगळीची एक गाथा आहे. दोन ओळींत शृंगाराचा एकही शब्द नाही. तरी काव्यशास्त्रकार मम्मटाने आपल्या काव्यप्रकाश या ग्रंथात तिचा उलगडा केला: बगळी बिथरत नाही, म्हणजे तिथे माणसाचा वावर नाही, नायिका प्रियकराला भेटीची जागा सुचवते आहे. शिवाय त्याने दुसरी शक्यताही नोंदवली. प्रियकर येऊन गेल्याचं सांगतो आहे, आणि ती त्याचं खोटं उघडं पाडते आहे.

माहाराष्ट्री प्राकृतातल्या या संग्रहाच्या अभ्यासाचा प्राण इथे आहे. गाथा सुटी असते. बोलणारी कोण, ऐकणारा कोण, हे ती सांगत नाही. ते सांगतो टीकाकार, एका प्रास्ताविक वाक्यात. कधी ती सखी, कधी दूती, कधी दारात आलेल्या वाटसरूला रात्रीपुरतं थांबवू पाहणारी गृहिणी. एका गाथेत भाताची शेतं पिकून पांढरी पडली म्हणून एकीच्या डोळ्यांत पाणी येतं आणि दुसरी तिला फुललेला ताग दाखवते. कापणी झाली की लपायची जागा जाते आणि ताग मात्र पुरुषभर वाढतो, हे शेत पाहिलेल्या वाचकालाच चटकन कळेल.

सर्वांत मोठा वाद गाजला तो गोदाकाठच्या गाथेवर. एक स्त्री फुलं वेचायला येणाऱ्या धार्मिकाला निर्धास्त फिरायला सांगते: तुम्ही ज्याला भीत होता तो कुत्रा सिंहाने मारला. तो सिंह तिथल्याच झाडीत राहतो! संकेतस्थळ मोकळं राहावं म्हणून ती त्याला घाबरवते आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वनीचं, म्हणजे सूचित अर्थाचं, उदाहरण म्हणून हीच गाथा घेतली: वरवर परवानगी, आत मनाई. पुढे महिमभट्टाने व्यंजना, म्हणजे असा अर्थ सुचवणारी शब्दाची वेगळी शक्ती, नाकारली. हा अर्थ अनुमानानेच लागतो, असं म्हणत त्याने तीच गाथा पुन्हा सोलून काढली. गोदाकाठच्या चोरट्या भेटीने काश्मिरी पंडितांना भाषेच्या मुळाशी नेलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आधुनिक संपादनाचा पाया जर्मन पंडित आल्ब्रेख्त वेबर यांनी घातला. 1881च्या आवृत्तीत त्यांनी वेगवेगळ्या पाठपरंपरांतून 964 गाथा गोळा केल्या. सगळ्या परंपरांत समान निघाल्या सुमारे 430. मुंबईत निर्णयसागरने 1889 मध्ये काव्यमालेत गंगाधरभट्टाच्या टीकेसह संग्रह छापला. मराठीत स. आ. जोगळेकरांचं 1956चं संपादन आजही हाताशी असावं असं आहे.

टीकाकार दर वेळी पटतात असं नाही. पावसाच्या, दारिद्र्याच्या साध्या गाथेतही ते संकेतस्थळ शोधतात, आणि तिथे मी त्यांच्यासोबत जात नाही. पण म्हणून त्यांना गाळून नुसती गाथा छापणं मला मान्य नाही. पुढच्या मराठी आवृत्तीत प्रत्येक गाथेखाली निरनिराळ्या टीकाकारांनी दिलेले प्रसंग शेजारी शेजारी छापावेत, आणि कुणाचं ऐकायचं ते वाचकाने ठरवावं.