श्रुतलेखन आणि आयुर्वेदीय परिभाषा

गिरगाव-दादरच्या चिकित्सालयात वैद्याने बोलावे व यंत्राने लिहावे, ही सोय गूगलने मराठीसाठी २०१७ साली दिली. परंतु यंत्र ध्वनीसोबत शब्दांचा नेहमीचा शेजारही पाहते. अपरिचित शब्दाच्या जागी परिचित शब्द बसवते. बालरोगांत योजले जाणारे ‘अतिविष’ त्यामुळे ‘अति विष’ असे उमटू शकते. ‘रससिंदूर’ व ‘रसकर्पूर’ यांची अदलाबदल तर घातकच ठरेल.

२०२२ साली आलेल्या ‘व्हिस्पर’सारख्या प्रणालीस आरंभी नित्य वापरातील कल्पांची छोटी, शुद्ध यादी लिहून देता येते. कल्पनाम सुटे न उच्चारता मात्रा-अनुपानासह पूर्ण वाक्यात सांगावे. स्वाक्षरीपूर्वी वैद्याने प्रत्येक नाव स्वतः वाचावे. औषधविक्रेत्याने शंका येताच विचारावे, अंदाजाने औषध देऊ नये.