अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

दहीहंडी आणि गणपतीच्या आधी मुंबई-पुण्यातल्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. प्रत्येक पथकाला, प्रत्येक मंडळाला टी-शर्ट हवे असतात, तेही उद्याच्या उद्या. अशा वेळी एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या मनात येतं, शंभरेक शर्टच तर आहेत, घरीच छापून टाकू. लोखंडी प्रेसची किंमत ऐकून तो मागे सरतो आणि प्लायवूड, बिजागऱ्या, नट-बोल्ट गोळा करायला लागतो. सुतारकामाला हात बसलेला असेल तर त्याचा प्रेस चालेलही. फक्त या कामाची धावपळ नेमकी श्रावण-भाद्रपदात असते, आणि लाकडाला त्याहून वाईट दिवस नाहीत. घरचा प्रेस बांधायचा तो पावसाळा गृहीत धरूनच.

यंत्र तसं साधं आहे. शर्ट चढवायची एक फळी, जाळी ताणलेली चौकट, आणि ती चौकट फळीवर उतरवणारा, बिजागरीवर हलणारा दांडा. स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, शाई ओढली की जाळीच्या उघड्या भागातून ती कापडावर उतरते. रेशमी जाळीतून छापायच्या पद्धतीचं पेटंट मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ साली घेतलं. अनेक चौकटी गोल फिरवून कपड्यांवर बहुरंगी छपाई करणाऱ्या यंत्राचं अमेरिकी पेटंट मायकेल व्हॅसिलँटोन यांना १९६९ साली मिळालं. घरी बांधलेले चार दांड्यांचे प्रेस ही त्याच यंत्राची गरीब भावंडं. आपल्याकडच्या कापड छपाईत मात्र जुनी रीत टेबलाची आहे: लांबलचक टेबलावर कापड चिकटवायचं, कडेच्या लोखंडी पट्टीवर ठरावीक अंतरावर स्टॉपर बसवायचे आणि चौकट एकेका स्टॉपरला टेकवत पुढे न्यायची. जागा असेल त्याने प्रेसच्या नादी न लागता असं टेबलच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा बाय बाराच्या खोलीत ते मावत नाही, म्हणून प्रेस.

कळीचा मुद्दा दोन्हीकडे एकच: चौकट दर वेळी त्याच जागी उतरली पाहिजे. काळ्या शर्टावर भगवा उठून दिसायला आधी पांढऱ्याचा थर द्यावा लागतो, तो जरा सुकवून त्यावर भगवा. दुसरी चौकट किंचित सरकली की भगव्याच्या कडेने पांढरी रेघ डोकावते, आणि तेवढीच लोकांच्या नजरेत भरते.

इथे बिजागरीचा हिशेब समजून घ्यावा. दरवाज्याच्या साध्या बिजागरीत अर्धा मिलिमीटर प्ले, म्हणजे सैलपणा, सहज असतो. दोन बिजागऱ्यांमध्ये सहा इंच अंतर असेल आणि चौकटीची पुढची कड चोवीस इंच लांब असेल, तर तोच अर्धा मिलिमीटर पुढे दोन मिलिमीटर होतो. बिजागऱ्या अठरा इंचांवर बसवल्या की तो पाऊण मिलिमीटरच्या आत येतो. म्हणजे महागड्या बिजागरीपेक्षा रुंद बैठक जास्त कामाची. त्यातही लाकडी स्क्रू नकोत. ते रोजच्या उघडझापीने भोक मोठं करतात. आरपार नट-बोल्ट आणि मोठे वॉशर घालावेत.

उरलेला प्ले संपवायला दांड्याच्या टोकाशी गेट लागतं. बरेच जण लाकडाचे दोन ठोकळे ठोकून त्यांच्या फटीत दांडा बसवतात. मे महिन्यात हे झकास चालतं. जुलैत ठोकळे आणि दांडा दोन्ही फुगतात, दांडा अडकतो. मग रंधा मारून फट मोकळी केली, की दिवाळीनंतर तीच फट ढिली. त्यापेक्षा दांड्याच्या टोकाला लोखंडी पट्टीची जीभ काढावी आणि ती दोन बॉल बेअरिंगांच्या मधे उतरू द्यावी. स्केटच्या चाकातली ६०८ नंबरची, २२ मिलिमीटर व्यासाची बेअरिंग यासाठी पुरतात. ती बसवायची भोकं लांबट ठेवली तर हवी तेवढी घट्ट करता येतात, आणि लाकूड फुगो की आटो, गेटला फरक पडत नाही.

लाकूड दमटपणाने फुगतं ते आडवं. लांबीत जवळजवळ नाही. म्हणून दांड्याची चिंता कमी, फळीची जास्त. ती अखंड लाकडाची करू नये. १८ मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायची, मोठ्यांच्या शर्टासाठी साधारण १४ बाय १६ इंच, कोपरे गोल. वर सनमायका लावायचा तर खालूनही लावावा, एकाच बाजूने लावलेली फळी धनुष्यासारखी वाकते. कापलेल्या कडांना पॉलिश पाजायला विसरू नये, कारण पाणी तिथूनच शिरतं. चौकटीसाठी पाडकामाच्या बाजारातलं जुन्या दारं-खिडक्यांचं सागवान मिळालं तर सोनंच. पॅकिंगच्या खोक्याचं लाकूड फुकट मिळतं, पण ते पिळतं.

जाळी पॉलिएस्टरची घ्यावी. नायलॉन ओलाव्याने सैल पडतं. टी-शर्टाला सेंटिमीटरला ४३ धाग्यांची जाळी बरी. बारीक अक्षरांना ७७ची. जाळी आणि कापड यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर हवं, म्हणजे स्क्वीजी पुढे गेली की मागची जाळी शाईतून टपकन सुटते. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून हे अंतर मापता येतं.

पावसाळ्याचा खरा फटका इमल्शनला बसतो. जाळीवर हे प्रकाशाला संवेदनशील द्रव फासून, अंधारात वाळवून, वर चित्राची फिल्म ठेवून उजेड दाखवायचा. उजेड लागलेला भाग घट्ट होतो, झाकलेला पाण्याने निघून जातो. दमट हवेत इमल्शन बाहेरून कोरडं वाटतं, आत ओलं असतं, आणि धुताना सगळं चित्रच वाहून जातं. बंद कपाटात पंखा आणि मंद ऊब ठेवून रात्रभर वाळू द्यावं. श्रावणातल्या उन्हावर एक्स्पोजरचा अंदाज बांधणंही व्यर्थ, ढग केव्हा येईल सांगता येत नाही. त्यापेक्षा यूव्ही दिवा बरा. नारिंगी डायक्रोमेटची पूड मिसळायचं इमल्शन स्वस्त पडतं, पण ती पूड विषारी आहे. हातमोजे तर हवेतच, आणि धुतलेलं पाणी विहिरीकडे वा बागेत जाता कामा नये.

पाण्यातल्या शाईला, म्हणजे पिगमेंट-बाइंडरला, मात्र हा दमटपणा मानवतो. उन्हाळ्यात ते जाळीतच सुकून भोकं बुजवतं. पावसात निवांत छापता येतं. दुसऱ्या शाईचं, प्लास्टिसोलचं, तंत्र वेगळं. ते हवेने वाळतच नाही, आठवडाभर टांगून ठेवलं तरी बोटाला लागतं. त्याचा पूर्ण थर साधारण १६० अंश सेल्सिअसला पोचावा लागतो, नुसता वरचा पापुद्रा नव्हे. छपाई थंड झाल्यावर कापड दोन्ही हातांनी ताणून पाहावं. रंगाला तडे गेले तर आतला थर कच्चा आहे. तो शर्ट लगेच पुन्हा तापवावा. एकदा कपडे धुवायच्या मशीनमधून फिरून आला की मग इलाज नाही.