खाण ढासळत कशी नाही?

वाचकहो, गावातील जुन्या बांधीव विहिरीत एकदा वाकून पाहा. भोवतालची माती चहूकडून आत लोटते, पण त्या लोटण्यानेच गोल बांधणीतले दगड एकमेकांवर अधिक घट्ट बसतात. खाणीत माणसे व माल नेणाऱ्या उभ्या शाफ्टला काँक्रीटचे गोल अस्तर करतात, ते याच न्यायाने. काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण मात्र त्याला सोसवत नाही.

अस्तराची जाडी किती ठेवायची? हिशेब अवघड नाही. शंभर मीटर खोलीवर साठलेल्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलो असतो. शाफ्टची त्रिज्या ३ मीटर आणि अस्तर अर्धा मीटर जाड धरा. दाबाला त्रिज्येने गुणा, जाडीने भागा. काँक्रीटवर सुमारे ६० किलो दाब येतो. चांगले काँक्रीट २५० किलोपर्यंत टिकते. मग चौपट बळ कशाला? कारण दाब सर्व बाजूंनी सारखा येईलच असे नाही. अस्तरामागे एके ठिकाणी पोकळी राहिली, तर कडे तिथे वाकते, ताण येतो आणि तडा जातो. म्हणून मागच्या फटी सिमेंटच्या पातळ रसाने दाबून भरतात.

आडव्या बोगद्याची गोष्ट निराळी. बालाघाटजवळच्या भरवेली येथील मँगनीजची खाण ३०० मीटरहून खोल आहे. तेवढ्या खडकाचा भार दर चौरस मीटरला सुमारे ७५० टन! तो कोणता टेकू पेलणार? पण पेलण्याची गरजच नसते. पोकळी खणली की वरचा बहुतेक भार दोन्ही बाजूंच्या खडकाकडे वळतो. टेकूने सांभाळायचा तो छताचा सैल झालेला थर. छतात भोके पाडून पोलादी बोल्ट सिमेंटने पक्के बसवतात, म्हणजे गोधडीप्रमाणे थर एकमेकांना शिवले जातात. खडक कच्चा असेल तर वर काँक्रीट फवारतात.

यात वेळ फार महत्त्वाची, बरं का! ताठ अस्तर फार लवकर केले तर सरकत्या खडकाने ते फुटते. उशीर झाला तर छतच खाली येते. म्हणून समोरासमोरच्या भिंतींमधले अंतर वरचेवर मोजतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडातील सिलक्यारा येथे रस्त्याचा बोगदा खणताना काही भाग ढासळला आणि ४१ मजूर १७ दिवस आत अडकले. सुदैवाने सारे जिवंत बाहेर आले.

हाच धडा आपल्या शिवारातही लागू आहे. भुसभुशीत मातीत विहीर खणताना, वरच्या कडांना आधार दिल्याखेरीज माणसाला खाली उतरवू नका.