घरगुती ध्वनिमुद्रण आणि मॉनिटर कंट्रोलरची निवड

‘मॉनिटर’ हा शब्द आपल्या शाळेत रोज कानी पडतो. गुरुजी वर्गाबाहेर असता जे घडेल ते, पदरचे काही न घालता, त्यांच्या कानावर घालणे हे मॉनिटरचे काम. सावध करणे या अर्थाच्या एका लॅटिन धातूपासून हा शब्द निघाला आहे. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात तोच शब्द एका विशिष्ट प्रकारच्या स्पीकरला लावतात. दिवाणखान्यातील स्पीकरने गाणे थोडे गोड करून ऐकविले तरी कोणाची तक्रार नसते. मॉनिटर स्पीकरने मात्र मुद्रित झाले असेल तेच, त्यातील दोषांसह, ऐकवावे अशी अपेक्षा असते. या स्पीकरांवर ताबा ठेवणारी जी लहानशी पेटी, तिचे नाव मॉनिटर कंट्रोलर.

ध्वनिमुद्रणासाठी शहरातील मोठ्या स्टुडिओचीच वाट धरावी लागे, ती स्थिती आता उरलेली नाही. संगणक, मायक्रोफोन, दोन मॉनिटर स्पीकर आणि आवाजाच्या विद्युत्‌लहरींचे अंकांत व अंकांचे पुन्हा लहरींत रूपांतर करणारा ‘ऑडिओ इंटरफेस’, एवढ्या साहित्यावर घरातील एका खोलीत गाणे मुद्रित होऊ शकते. चवथीच्या दिवसांतील घुमट-आरती, एखादे नाट्यपद, आजीच्या तोंडची ओवी, जे घरात जन्मते ते घरातच टिपता येते. कंट्रोलरची जागा इंटरफेस आणि स्पीकर यांच्या मधली. म्हणजे मुद्रित होणाऱ्या आवाजाला तो स्पर्शही करीत नाही. तुम्ही जे ऐकता तेवढ्यावरच त्याचा अधिकार. मग त्याची एवढी चिकित्सा कशासाठी? कारण कोणता आवाज वाढवावा, कोणता दाबावा, हे निर्णय तुम्ही ऐकूनच घेता. ऐकण्यात खोट असली तर ती निर्णयाच्या वाटेने मुद्रणात उतरते.

आपला कान मोठा चिकित्सक खरा, पण त्याला एक खोड आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर व विल्डेन मन्सन यांनी केलेले या विषयावरील संशोधन १९३३ साली प्रसिद्ध झाले. आवाज हळू असला की खर्जातील स्वर कानाला विशेषच क्षीण भासतात, असे त्यांनी दाखवून दिले. आजच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार, सेकंदाला १००० कंपनांचा स्वर ४० डेसिबलांवर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटण्यासाठी १०० कंपनांच्या स्वराला ६० हून अधिक डेसिबल लागतात. आवाज चढत जातो तसतसे हे अंतर कमी होत जाते.

याचा परिणाम घुमटाच्या उदाहरणाने ध्यानात येईल. घुमटाचे अरुंद तोंड डाव्या तळहाताने झाकीत-उघडीत वादक जो घुमारा काढतो, तोच त्या वाद्याचा प्राण. (पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे मढवीत, आणि इंग्रजीत घोरपडीलाही मॉनिटरच म्हणतात, हा निव्वळ योगायोग!) रात्री घरातली माणसे निजली असता आरतीचे मुद्रण हळू आवाजात ऐकाल, तर घुमट दबलेले वाटेल. म्हणून तुम्ही त्याचा खर्ज वाढवाल. दुसऱ्या दिवशी तेच मुद्रण मोठ्याने लावताच घुमट इतके अंगावर येईल की शामेळ व कांसाळे त्यात बुडून जातील. दोष घुमटाचा नव्हे आणि वादकाचाही नव्हे. शिवाय दोन आवृत्त्यांपैकी किंचित मोठ्याने वाजणारी आपल्याला उगाच सरस वाटते. यास्तव जाणकार लोक ऐकण्याची एक पातळी ठरवितात, नॉबवर तेथे खूण करतात आणि फिरून फिरून त्याच खुणेवर येतात. कंट्रोलरची पहिली कसोटी ही की त्याचा नॉब मोठा, स्थिर व स्पष्ट खुणांचा असावा.

दुसरी कसोटी याहून महत्त्वाची, परंतु जाहिरातींत तिचा उल्लेख क्वचितच आढळतो. व्हॉल्यूमच्या नॉबखाली बहुधा पोटेन्शिओमीटर नावाचा फिरता रोधक असतो. डाव्या बाजूसाठी एक व उजव्यासाठी एक, असे निदान दोन रोधक एकाच दांड्यावर बसविलेले असतात. ते एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. नॉब अर्ध्याहून वर असता फरक जाणवत नाही. अगदी खाली असता मात्र एका बाजूचा आवाज दुसरीहून एकदोन डेसिबलांनी चढा होऊ शकतो. मध्यभागी असलेली गायिका मग डावीकडे सरकल्यासारखी भासते. नवशिका तिला संगणकावर उजवीकडे ढकलतो, आणि नसलेली चूक मुद्रणात कायमची घालून ठेवतो. घरगुती स्टुडिओत हा धोका अधिक. शेजारधर्म पाळायचा तर आपण हळूच ऐकणार, आणि नॉब लबाडी करतो तीही नेमकी तिथेच. म्हणून घेण्यापूर्वी एकच आवाज दोन्ही स्पीकरांतून सोडून, नॉब खाली आणीत आणीत तो मध्यभागी टिकतो की नाही, हे अवश्य ऐकावे. टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या महाग नॉबांत प्रत्येक टप्प्याचे रोधक जुळवून बसविलेले असल्याने ही अडचण सहसा येत नाही. बिनखर्चाचा उपायही आहे: स्पीकरच्या पाठीमागची व्हॉल्यूमची कळ उतरवून ठेवावी, म्हणजे नेहमीचे ऐकणे नॉबच्या मधल्या भागात येते.

या पेट्यांच्या जाती दोन, पॅसिव्ह आणि ॲक्टिव्ह. पॅसिव्ह पेटीला वीज लागत नाही. ती आवाज फक्त कमी करते, वाढवीत नाही. केबल लांबलचक असल्या तर तिच्यातून जाणारे वरचे सूक्ष्म स्वर मंदावतात, म्हणून केबल दोनतीन मीटरांच्या आत असाव्यात. ॲक्टिव्ह पेटीत स्वतःचे विद्युत्‌मंडल असते. तिला लांब केबल चालतात आणि हेडफोनची सोय बहुधा तिच्यातच मिळते, परंतु मंडल हलक्या दर्जाचे असेल तर त्याची खरखर पदरी पडते. माझे मत विचाराल तर स्वस्त ॲक्टिव्हपेक्षा साधी पॅसिव्ह बरी. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या ‘लेव्हल पायलट’वर जवळजवळ एक नॉबच असतो. मॅकीच्या ‘बिग नॉब पॅसिव्ह’मध्ये स्पीकरांच्या दोन जोड्या जोडता येतात. ड्रॉमरचा ‘एमसी २.१’ ॲक्टिव्ह असून त्याला तीन जोड्या चालतात. कोणतीही घेतली तरी जोडण्या ‘बॅलन्स्ड’ असाव्यात. घरातील पंखे व चार्जर यांची गुणगुण अशा जोडणीत पुष्कळच कमी शिरते.

बटणांपैकी ‘मोनो’वर मी सर्वांत अधिक भर देईन. ते दाबले की डावा व उजवा आवाज एक होतो. एकाच गायकापुढे दोन मायक्रोफोन कमीअधिक अंतरावर ठेवले असतील, तर एकाची लहर वर जात असता दुसऱ्याची खाली येते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. दोन स्पीकरांवर भरदार वाटणारा गळा मग मोनोत पोकळ होतो. देवळातील कर्णा आणि कितीतरी मोबाइल फोन गाणे मोनोतच वाजवितात, म्हणून ही परीक्षा चुकविता येत नाही. ‘डिम’ हे बटण आवाज एकदम, बहुधा २० डेसिबलांनी, उतरविते. स्वयंपाकघरातून हाक आली तर नॉबला हात न लावता ओ देता येते. पलीकडच्या खोलीतील गायकाशी बोलण्याचे ‘टॉकबॅक’ मात्र एकाच खोलीत काम करणाऱ्याला व्यर्थ होय.

ज्याच्यापाशी स्पीकरांची एकच जोडी आहे आणि ज्याच्या इंटरफेसवर स्पीकरचा स्वतंत्र नॉब आहे, त्याने ही पेटी घेऊच नये असे मी म्हणेन. मोनोची सोय मुद्रणाच्या बहुतेक संगणकप्रणालींत असते. संगणकातच आवाज कमी केल्यास दर्जा बिघडतो, ही भीतीही फारशी खरी नव्हे. २४ बिटांच्या ध्वनीत एकेक बिट सुमारे ६ डेसिबलांचा. ३० डेसिबल उतरविले तरी १९ बिट उरतात, आणि सीडी तर १६ बिटांचीच असते. खरी भीती निराळी आहे. एखादे वेळी संगणकाने व्हॉल्यूमची खूण विसरून सगळा आवाज एकदम स्पीकरांत सोडला, तर हाताशी नॉब असलेला बरा.

कारण कान पुन्हा विकत मिळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलांचा आवाज प्रौढांनी आठवड्यास ४० तासच ऐकावा. मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबलांची. दर ३ डेसिबल वाढले की मुदत निम्मी होते, म्हणजे ८६ डेसिबलांवर प्रौढांनाही अवघे १० तास. पेटी जोडल्यावर क्रमही पाळावा: प्रथम इंटरफेस, मग कंट्रोलर, नॉब खाली असल्याची खात्री, आणि सर्वांत शेवटी स्पीकर. बंद करताना प्रथम स्पीकर.