टाका पक्का, तरी वायर का तुटते?

खेळण्यातली किंवा रेडिओतली वायर सर्किट बोर्डापासून सुटली, तर ती नेमकी कुठे तुटली ते नीट पाहा. सोल्डरचा टाका बरेचदा जागच्या जागी असतो. वायर तुटलेली असते ती टाक्याच्या किंचित पुढे. अशा वेळी टाक्यावर आणखी सोल्डर चढवून दुखणे बरे होत नाही.

लवचिक वायरमध्ये अनेक बारीक तारा एकत्र पिळलेल्या असतात. तार वाकली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते. तार जितकी बारीक, तितका हा ताण कमी. शिवाय वाकताना तारा एकमेकींवरून थोड्या सरकतात. वितळलेले सोल्डर मात्र केशाकर्षणाने तारांमधल्या फटींतून वर चढते, कधी इन्सुलेशनच्या आतही शिरते. ते थिजले की साऱ्या तारा मिळून एकच कडक कांडी होते. ही कांडी जिथे संपते, तिथे प्रत्येक हिसक्याचा ताण एकवटतो. तांबे थकते आणि एकेक तार तुटत जाते.

टाकाही नीट बसायला हवा. कल्हईवाला नवसागराने भांडे स्वच्छ करतो, तेव्हाच कथील त्याला धरते. इथे ते काम राळेचा फ्लक्स करतो. नवसागर मात्र बोर्डावर चालत नाही, त्याने तांबे गंजते. 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसे असलेले सोल्डर 183 अंश सेल्सिअसला वितळते; कथील, चांदी व तांब्याचे शिसेविरहित सोल्डर साधारण 217 अंशांना. तांबे आणि कथील भिडतात तिथे दोघांच्या संयुगाचा अतिशय पातळ थर तयार होतो. खरा जोड तोच. त्यासाठी पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) आणि वायर दोन्ही तापवून सोल्डर त्यांना लावावे, सोल्डरिंग आयर्नच्या टोकावरून थापू नये.

वायर सोलताना एकही तार कापली जाऊ देऊ नका. तारा पिळून टोकाला बेताचे सोल्डर चढवा आणि इन्सुलेशनच्या थोडे अलीकडे थांबा. टाका थिजेपर्यंत वायर हलली, तर ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा टाका, झालाच म्हणून समजा.

शेवटी वायरला आधार द्या. तिचे इन्सुलेशन बोर्डातल्या मोकळ्या छिद्रातून ओवा, केबल टायने बांधा किंवा हॉट ग्लूने चिकटवा. मग हिसका इन्सुलेशनवर बसतो, टाक्यापर्यंत पोहोचत नाही. हा आधार दिल्याशिवाय दुरुस्त केलेल्या वस्तूचे झाकण लावू नका.