एका गीतांतील दोन अश्रू

गेल्या सत्रांत गाण्यांच्या चलच्चित्रांविषयीं, म्हणजे ज्यांस सर्वजण व्हिडिओ म्हणतात त्यांविषयीं, वर्गांत बोलणें निघालें असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, ती आयरिश गायिका खरोखर रडते, कीं तो अभिनय आहे?" उत्तर देण्यास तास पुरला नाहीं, म्हणून तें येथें लिहितों.

हें गीत म्हणजे 'नथिंग कम्पेअर्स टू यू'. अमेरिकेंतील प्रसिद्ध संगीतकार प्रिन्स यानें तें रचिलें व १९८५ सालीं 'दि फॅमिली' नामक वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकेंत तें प्रथम प्रसिद्ध झालें. तेव्हां त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पुढें १९९० सालीं आयर्लंडची तेवीस वर्षांची गायिका शिनेड ओकॉनर हिच्या आवाजांत तें आलें, आणि इंग्लंड, अमेरिका इत्यादि अनेक देशांत लोकप्रियतेच्या यादींत पहिल्या स्थानीं पोहोंचलें. विषय नेहमींचाच: प्रिय माणूस सोडून गेलें आहे, आणि मागें राहिलेल्याचें मन कशांतच रमत नाहीं.

आतां व्हिडिओ कसा करतात तें पाहूं. गाणें आधींच ध्वनिमुद्रित झालेलें असतें. चित्रणाच्या वेळीं तें मोठ्यानें वाजवितात व गायक त्याबरहुकूम ओठ हालवितो. म्हणजे आवाज एका दिवसाचा, तर चेहरा दुसऱ्या दिवसाचा. प्रेक्षक कंटाळूं नयेत म्हणून बहुतेक दिग्दर्शक क्षणोक्षणीं देखावे बदलतात. जॉन मेबरी या दिग्दर्शकानें मात्र उलट मार्ग धरिला. पॅरिसजवळील सँ-क्लू येथील उद्यानांत काळा कोट घातलेली गायिका फिरते, अशीं कांहीं दृश्यें त्यांत आहेत. पण बहुतेक वेळ काळ्या पार्श्वभूमीवर केवळ तिचा चेहराच दिसतो. केसही अगदीं बारीक कापलेले. डोळ्यांस विसांव्याला दुसरें कांहींच नसल्यामुळें भुवईची हालचालसुद्धां नजरेंतून सुटत नाहीं.

गीताच्या शेवटाकडे अंगणांतील फुलझाडांचा उल्लेख येतो व त्यांत 'आई' अशा अर्थाचा शब्द आहे. अमेरिकेंत तो प्रेयसीसही लाडानें लावतात. शिनेडला मात्र तेथें स्वतःची आईच आठवली. ती माउली १९८५ सालीं मोटार-अपघातांत वारली होती. मुलगी तेव्हां अठरा वर्षांची होती. डोळे भरून आले, आणि दोन अश्रू गालांवरून ओघळले. ते ठरविलेले नव्हते. दिग्दर्शकानें ते तसेच राहूं दिले. त्याच वर्षीं एम्. टी. व्ही. या वाहिनीनें हा व्हिडिओ वर्षांतील सर्वोत्कृष्ट ठरविला. तो मान मिळविणारी ती पहिली स्त्री गायिका.

आईनें लहानपणीं आपला फार छळ केला, असें शिनेडनें पुढें अनेकदां सांगितलें. हें ऐकून त्याच मुलानें विचारलें, "मग जिनें मारलें तिच्यासाठीं रडायचें कसें?" मला वाटतें, मनुष्य गेलेल्याच्या गुणांसाठींच रडतो असें नाहीं, जें बोलावयाचें राहिलें, जो समेट आतां कधींच होणें नाहीं, त्यासाठींही रडतो. अशा दुःखाला शब्द सांपडत नाहींत. कधीं कधीं दुसऱ्यानें दुसऱ्याच कोणासाठीं लिहिलेल्या गाण्यांत ते सांपडतात.

प्रिन्स २०१६ सालीं निवर्तला व शिनेड २०२३ सालीं. तेव्हां पहिल्या प्रश्नाचें उत्तर एवढेंच: ओठ अभिनय करीत होते, डोळे करीत नव्हते. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र मुलांनीं व पालकांनीं घरीं एकत्र बसून शोधावें. आणि जें बोलावयाचें राहिलें असेल तें वेळींच बोलून टाकावें.