तीव्र कुपोषित बालकांचे रुग्णालयीन उपचार

वाराणसी जिल्ह्यात पावसाळा अखेरीस येतो, गंगा व वरुणा या नद्यांचे पाणी ओसरू लागते, त्या सुमारास जुलाबांनी आजारी पडलेली लहान मुले रुग्णालयांत मोठ्या संख्येने येऊ लागतात. त्यांतील काही मुलांना पाहताच अनुभवी परिचारिकेच्या ध्यानात येते की, येथे जुलाब हे केवळ निमित्त आहे. दीड वर्षाच्या मुलाचे वजन दहा किलोग्रॅमच्या आसपास असावयास हवे. येथे ते पाचच किलोग्रॅम भरते. फासळ्या मोजता येतात, नितंबांची कातडी सैल पिशवीसारखी लोंबते आणि चेहरा एखाद्या वृद्धासारखा दिसतो. या प्रांतात लोक यालाच सुखंडी किंवा सूखा रोग म्हणतात आणि त्यावर प्रथम झाडफूक होते. मराठीत यास सुकटी हे नाव आहे.

याचे दुसरे रूप फसवे आहे. त्यात पावलांवर व चेहऱ्यावर सूज येते, केस विरळ व तांबूस होतात, कातडीचे पापुद्रे निघतात आणि सुजेमुळे मूल कधी कधी गुटगुटीत वाटते. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३३ साली आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट येथील अशा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले व पुढे या रोगास तेथील गा भाषेतील ‘क्वाशिओरकोर’ हेच नाव दिले. धाकट्या भावंडाच्या येण्याने आईच्या दुधाला पारखे झालेल्या मुलाचा आजार, असा त्या नावाचा आशय आहे.

आजार तीव्र आहे किंवा नाही हे आज तीन खुणांवरून ठरवितात. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी असणे, उंचीच्या मानाने वजन ठरावीक मर्यादेखाली असणे, किंवा दोन्ही पावलांवर सूज असणे, यांपैकी एक खूणही पुरेशी होते. अशा मुलाच्या मृत्यूचा धोका सुपोषित मुलाच्या मानाने पाच ते वीस पटींनी अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २००७ च्या संयुक्त निवेदनात म्हटले आहे. भारतात २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ७.७ टक्के मुले उंचीच्या मानाने अतिशय कमी वजनाची आढळली.

मूल उपाशी आहे, तेव्हा त्याला भरपूर खाऊ घातले की काम झाले, असे कोणासही वाटेल. पुष्कळ डॉक्टरांनाही दीर्घकाळ तसेच वाटत होते, आणि या समजुतीपायी रुग्णालयांत अनेक मुले दगावली. मूल दाखल होते तेव्हा जिवंत असते, त्याला उत्तम दूध, अंडी, शिरेतून सलाईन, सूज उतरविणारी औषधे हे सर्व मिळते, आणि दोन-तीन दिवसांत ते मरते. १९९६ साली स्कोफील्ड व ॲशवर्थ या दोन संशोधिकांनी पाच दशकांतील अहवालांचा आढावा घेतला. रुग्णालयात दाखल झालेल्या अशा मुलांपैकी सरासरीने वीस ते तीस टक्के दगावत होती आणि सुजेच्या प्रकारात काही ठिकाणी हे प्रमाण पन्नास-साठ टक्क्यांवर जात होते. या पन्नास वर्षांत प्रतिजैविके आली, प्रयोगशाळा सुधारल्या. पण हा आकडा हलला नाही. उपचारच चुकीच्या पद्धतीने होत होते, हा त्यांचा निष्कर्ष कटू असला तरी खरा होता.

हे असे का होते, ते समजण्यासाठी उपासमारीत शरीर काय करते ते पाहिले पाहिजे. उत्पन्न आटलेले कुटुंब जसे एकेक खर्च कमी करीत जाते, तसे शरीरही आपली कामे आवरते घेते. हृदय लहान होते व मंद चालते. मूत्रपिंडांची मीठ बाहेर टाकण्याची शक्ती घटते. आतड्याचे अस्तर झिजून सपाट होते. यकृताला साखर तयार करून पुरविणे जमत नाही. प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर व पोटॅशियम आत ठेवणारी जी यंत्रणा असते, तिला सतत ऊर्जा लागते; तीही मंदावते, आणि मग सोडियम पेशीत साठते व पोटॅशियम निघून जाते. असे काटकसरीने चाललेले शरीर कसेबसे जगते. परंतु त्याच्याजवळ शिल्लक काहीच नसते.

अशा शरीरात एकदम पौष्टिक अन्न ओतले की रक्तातील फॉस्फरस व पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढले जाते आणि हृदयाचे कार्य कोलमडते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बंदिछावण्यांतून सुटलेल्या भुकेल्या कैद्यांत हाच प्रकार दिसून आला होता. शिरेतून वेगाने दिलेले सलाईन दुबळ्या हृदयाला पेलत नाही. सूज ही पाण्याच्या अतिरेकाची आहे असे समजून लघवी वाढविणारे औषध दिले, तर उरलेसुरले पोटॅशियमही जाते. लोहाची गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मूल फिके दिसते म्हणून लोह देण्याचा मोह होतो. पण पहिल्या आठवड्यात ते देणे जंतूंच्या पथ्यावर पडते, म्हणून वजन वाढू लागेपर्यंत ते देत नाहीत.

म्हणून आजचा उपचार दोन टप्प्यांत केला जातो, आणि पहिल्या टप्प्यात वजन वाढविण्याचा प्रयत्नही करीत नाहीत. त्यात दिल्या जाणाऱ्या दुधास एफ-७५ म्हणतात, कारण त्याच्या शंभर मिलिलिटरमध्ये ७५ उष्मांक असतात व प्रथिने एक ग्रॅमहूनही कमी असतात. ते स्वयंपाकघरातही तयार होते: ३०० मिलिलिटर गाईचे दूध, १०० ग्रॅम साखर, २० मिलिलिटर तेल व क्षारांचे मिश्रण घेऊन पाण्याने एक लिटर करावयाचे. सूज फार नसल्यास दर किलोग्रॅम वजनामागे दिवसाला १३० मिलिलिटर, हे त्याचे प्रमाण. वर उल्लेखिलेल्या पाच किलोग्रॅमच्या मुलास याप्रमाणे दिवसाचे ६५० मिलिलिटर, म्हणजे दर दोन तासांनी सुमारे ५५ मिलिलिटर मिळते. जेमतेम अर्धा पेला! एवढ्याशा दुधाने काय होणार, असे आईला वाटते, आणि तिला हे समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग आहे.

यात रात्रीचे पाजणे सर्वांत महत्त्वाचे आहे. रात्री दोन वाजता मूल झोपले म्हणून त्याला उठविले नाही, तर पहाटेपर्यंत रक्तातील साखर घसरते, अंग थंड पडते आणि मूल गुपचूप मरते. साखर ५४ मिलिग्रॅमहून खाली गेल्यास दहा टक्के साखरेचे ५० मिलिलिटर पाणी तत्काळ पाजतात. अंग थंड असल्यास मुलाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालतात. ताप नसला तरी जंतुसंसर्ग आहे असे गृहीत धरून प्रतिजैविक देतात, कारण या मुलांच्या अंगी ताप येण्याइतकेही बळ नसते. जुलाबांसाठी द्यावयाचे पाणी कमी मिठाचे व अधिक पोटॅशियमचे असते आणि शिरेतून द्रव केवळ मूल शॉकमध्ये असल्यासच दिला जातो. यासाठी महाग यंत्रे लागत नाहीत. घड्याळ, वजनकाटा, मापाचा पेला आणि रात्रभर जागणारी परिचारिका लागते. यांतील शेवटची गोष्ट मिळणेच बहुधा सर्वांत कठीण.

ढाका येथील अतिसार संशोधन केंद्रात जुलाब असलेल्या कुपोषित मुलांवर अशा ठरावीक पद्धतीने उपचार केले, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १७ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. हा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला.

काही दिवसांनी भूक परत येते व सूज उतरते. भुकेचे हे परतणे हीच दुसरा टप्पा सुरू करण्याची खूण होय. आता दुधाचे प्रमाण लिटरमागे ८८० मिलिलिटर होते, हेच एफ-१००. चांगली प्रगती म्हणजे किलोग्रॅममागे रोज दहा ग्रॅमची वाढ, म्हणजे आपल्या उदाहरणातील मुलाची रोज ५० ग्रॅम. मूल हसू लागते, खेळण्याकडे हात नेते. खेळविणे हाही उपचाराचा एक अधिकृत भाग आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

वाराणसीत बनारस हिंदू विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय १९६० साली सुरू झाले व १९७१ साली त्याची वैद्यकविज्ञान संस्था झाली. तेथील बालरोग विभागात के. एन. अग्रवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाराणसीच्या ग्रामीण भागातील कुपोषित मुलांच्या बुद्धीच्या व शिकण्याच्या क्षमतेचा अभ्यास केला आणि कुपोषणाचा परिणाम केवळ वजनापुरता नसतो, हे दाखवून दिले. शहरातील पंडित दीनदयाल उपाध्याय रुग्णालयात पोषण पुनर्वसन केंद्र आहे. केंद्र शासनाने २०११ साली ठरविलेल्या नियमांप्रमाणे अशा केंद्रात आईलाही मुलाबरोबर ठेवतात, जेवण देतात व बुडालेल्या मजुरीची भरपाई देतात.

ही भरपाई म्हणजे दयाधर्म नव्हे. आई विणकराच्या घरातली असो, वीटभट्टीवर किंवा शेतात राबणारी असो, तिच्यामागे घरी दुसरी मुले असतात. आठव्या दिवशी मूल हसू लागले की ते बरे झाले असे समजून घरची माणसे तिला न्यावयास येतात. भारतातील अशा केंद्रांत आता मृत्यूंपेक्षा उपचार अर्धवट सोडून जाणाऱ्यांची संख्या पुष्कळ अधिक असते. आणि जे मूल अर्ध्या उपचारावर घरी गेले, त्याचा मृत्यू कोणत्याच रुग्णालयाच्या नोंदीत येत नाही. ज्या मुलाला भूक चांगली आहे व अन्य आजार नाही, त्याला दाखल न करता गावातच उपचार द्यावेत, असे आता मानले जाते, त्यामागे हेही एक कारण आहे.

घरी जाताना आईला गुळाचे किंवा साखरेचे सातू, तेल-तूप घातलेली खिचडी, कुस्करलेले केळे असे तेथे सहज मिळणारे पदार्थ करून दाखवितात आणि ते दिवसातून पाच वेळा देण्यास सांगतात. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी, अशा चार वेळा, मुलाला परत आणावयाचे असते. चौथ्या खेपेस दंडाला पट्टी लावली जाते आणि त्या दिवशीचा घेर नोंदवहीत लिहिला जातो.